दाण्यांच्या आतला वास

माझ्या मावशीचं नाक हा आमच्या घरातला कायमचा कटकटीचा विषय होता. चपला काढायच्या आत ती सांगायची, "कुणीतरी ओला टॉवेल घडी करून ठेवलाय." आणि खरंच तो कपाटाच्या तळाशी सापडायचा. काका, म्हणजे मावशीचा नवरा, सिगारेट ओढून आले की बाहेरच्या नळावर तोंड धुवायचे, हात धुवायचे, शर्ट झटकायचे. तरी स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "अहो, मिशा धुवायच्या राहिल्या!" आई गेल्यावर मी मावशीकडेच वाढले. तिच्यापासून काही लपवून ठेवता येत नाही, हे मला फार लवकर कळलं.

या नाकावरच तिचं पोट चालायचं. डेअरीच्या धक्क्यावर ती दुधाच्या कॅनची झाकणं हुंगायची. कॅन गाडीतून उतरला की ती झाकण उचलून नाकाशी न्यायची, एक श्वास घ्यायची आणि "ओता" नाहीतर "परत" एवढंच म्हणायची. ज्याचं दूध परत जायचं तो तणतणायचा, पण हुज्जत घालायची कुणाची छाती नव्हती. पुढे डेअरीनं यंत्र आणलं. नळी दुधात बुडवली की पडद्यावर उत्तर हजर. मावशीला निरोपाचा गुच्छ मिळाला. त्यातली फुलं शिळी होती हे अर्थातच तिला लगेच कळलं, पण त्या दिवशी ती गप्प बसली.

काही महिने घरी बसून तिनं आम्हाला हैराण केलं. मग शेजारणीनं सांगितलं की जुन्या प्लास्टिकपासून नवं प्लास्टिक करणाऱ्या कारखान्यात वास घेणारी माणसं हवी आहेत. काका हसले. "वास घ्यायला माणसं? तिथे तर वास टाळायला माणसं लागत असतील." पण मावशी गेली. तिला तिच्या नाकाला काम हवं होतं, आणि आम्हालाही तेच हवं होतं.

कारखान्याच्या फाटकातून आत गेली आणि तिथूनच परत फिरणार होती, असं ती नेहमी सांगायची. आवारात दाबून बांधलेले गठ्ठे एकावर एक रचलेले. शाम्पूच्या बाटल्या, फरशी पुसायच्या औषधाचे डबे, तेलाचे कॅन, दुधाच्या बाटल्या, सगळं चेपून चेपून चौकोनी केलेलं. उन्हात तापून त्या गठ्ठ्यांखालून चिकट ओघळ वाहत होता, आणि त्यावर माश्या इतक्या दाट बसल्या होत्या की तो ओघळच वळवळतोय असं वाटावं. मावशीनं पदर नाकाला लावला आणि नेट धरून आत गेली.

आत मात्र सगळं चकचकीत. तिथली केमिस्ट एक तरुण बाई होती, आखूड केसांची, भरभर बोलणारी. कारखान्यात सगळे तिला बाईच म्हणत, म्हणून मावशीही बाई म्हणू लागली. तिनं मावशीला सगळं फिरून दाखवलं. गठ्ठे फोडून माल निवडतात, त्याचा चुरा करतात, गरम कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात धुतात, वाळवतात. मग तो चुरा एका लांब यंत्रात जातो. तिथे फिरता स्क्रू त्याला दाबत, तापवत, वितळवत पुढे ढकलतो. दुसऱ्या टोकाला बारीक भोकांतून पातळ प्लास्टिक बाहेर येतं आणि पाण्याखाली फिरणारी पाती त्याचे दाणे कापते. मसुरीएवढे, पांढरेशुभ्र, हातात घेतले की गार आणि गुळगुळीत. बाहेरच्या त्या ओघळाशी यांचं काही नातं असेल असं वाटतही नव्हतं.

"हे तर छान आहेत," मावशी म्हणाली.

"दिसायला," बाई म्हणाली. तिनं ओव्हनमधून एक काचेची बरणी काढली. तेच दाणे तिच्यात तापत ठेवले होते. "आता झाकण काढा आणि वास घ्या. हलकाच."

मावशी हलका वास घेणाऱ्यातली नव्हती. तिनं झाकण काढून डेअरीच्या सवयीनं पूर्ण श्वास आत ओढला. पुढच्या क्षणी ती हात धुवायच्या बेसिनवर वाकलेली होती, आणि सकाळपासून पोटात गेलेलं सगळं बाहेर आलं होतं.

"यात दूध आहे," तोंड पुसत ती म्हणाली. "नासलेलं. लोणी होऊन कुजलेलं. वर कसलातरी साबण. आणि खाली... खाली ओकारी आहे, बाई. लहान मुलाची असते तशी."

बाई खूश झाली. इतकी खूश की मावशीला रागच आला. "बाकीच्यांना नुसतं 'घाण वास' एवढंच सांगता येतं," बाई म्हणाली. "मावशी, यात दूध नाही. पण दूध जिच्यात होतं ती बाटली आहे. प्लास्टिक म्हणजे लांबच लांब साखळ्यांचा गुंता असतो. न्हाणीच्या जाळीत अडकलेला केसांचा पुंजका बघितलाय ना? त्यात काय काय जाऊन बसलेलं असतं? तसंच इथे. धुतलं की वरवरचं जातं. आत शिरलेलं तिथेच राहतं, आणि प्लास्टिक तापलं की हळूहळू बाहेर येतं."

केसांच्या त्या पुंजक्यामुळे मावशीला पुन्हा मळमळलं. पण ती नोकरीला लागली.

काम असं होतं. ओव्हनमध्ये बरण्या तापत. चार जण टेबलाभोवती बसत आणि एकेक बरणी उघडून आकडा सांगत. एक म्हणजे काहीच वास नाही, सहा म्हणजे सहन होत नाही. मावशीखेरीज त्या टेबलावर फाटकावरचा रखवालदार, ऑफिसातली टेलिफोनवरची मुलगी आणि एक निवृत्त मास्तर असायचे. कामाच्या दिवशी कांदा खायचा नाही, वासाचा साबण लावायचा नाही, तेल नाही, पावडर नाही. रखवालदार हळूच तंबाखू खायचा आणि मावशी त्याला टेबलावरून उठवायची. दर बरणीनंतर आपल्याच मनगटाचा वास घ्यायचा, म्हणजे नाक ताळ्यावर येतं, असं बाईनं शिकवलं होतं. मावशीचं मनगट दिवसभर तिच्या नाकाला चिकटलेलं असायचं. घरी जेवतानाही.

आणि घरी किळस आली ती तिथूनच.

आधी गेला माझा प्लास्टिकचा डबा. मावशीनं तो उघडला, नाकाशी नेला आणि सरळ कचऱ्यात टाकला. "यात गेल्या वर्षीची भाजी आहे," ती म्हणाली. मग पाण्याच्या बाटल्या गेल्या. मग फ्रिजमधले ट्रे, मिठाची बरणी, न्हाणीतलं टमरेल, भांडी घासायचा स्पंज. काका टायरच्या दुकानात काम करायचे. त्यांच्या अंगाला रबराचा वास असायचा आणि एवढी वर्षं तिचं काही म्हणणं नव्हतं. आता ती म्हणाली, "तुम्ही बाहेरच्या खोलीत झोपा." काकांनी बिचाऱ्यांनी मुकाट्यानं गादी उचलली. तिला अन्न जाईना. घास तोंडाजवळ नेला की तिचे डोळे मिटायचे आणि चेहऱ्यावर असा भाव यायचा की समोर बसलेल्या माणसाचीही भूक मरावी. मी एकदा चिडून म्हणाले, "मावशी, तू आमच्याकडे असं बघतेस जसं काही आम्ही सडलोय."

ती शांतपणे म्हणाली, "सगळंच थोडं थोडं सडत असतं गं. मला कळतं, तुम्हाला कळत नाही, एवढाच फरक."

हे वाक्य आमच्या घरात बरेच दिवस कुणाला पचलं नाही.

तरी ती ते काम सोडत नव्हती. सोडत नव्हती कारण तिला आता त्यात रस वाटायला लागला होता. बाईच्या डोक्यात एकच वेड होतं, ही आतली घाण बाहेर काढायची. तिनं वितळवणाऱ्या यंत्रात बारीक धारेनं पाणी सोडायला सुरुवात केली. तापलेल्या प्लास्टिकमध्ये पाण्याची क्षणात वाफ होते. पुढच्या टप्प्यावर पंप ती वाफ ओढून घेतो, आणि वाफेबरोबर आतली घाणही निघते. ती थंड होऊन यंत्राच्या बाजूला एका बादलीत पडायची. मावशीनं ती बादली पहिल्यांदा पाहिली तो दिवस तिनं मला इतक्या बारकाव्यानं सांगितला की माझं जेवण तिथेच थांबलं. तपकिरी पाणी, वर पिवळ्या चरबीचा थर, कडेला काळपट चिकट साय. वास तर असा की कामगार तोंडाला फडकं बांधून, मान मागे वळवून बादली उचलायचे.

"शी!" मी म्हणाले. "आणि तू ते बघत बसलीस?"

"बघणारच. पांढऱ्याशुभ्र दाण्यांच्या पोटात होतं ते. बाहेर आलं म्हणजे आत राहिलं नाही. बादली जितकी घाण, तितका माल स्वच्छ."

आकडे उतरू लागले. मावशी पाच सांगायची तिथे चार आला, कधी साडेतीन. पण पुढे गाडं अडलं. मग बाईनं कारखान्यामागची उंच पोलादी कोठी मागून घेतली. दाणे त्या कोठीत भरायचे आणि खालून तासन् तास गरम हवा सोडायची. हवा गरम हवी, म्हणजे साखळ्यांचा गुंता सैल पडतो आणि लपलेलं बाहेर येतं. पण फार गरम नको, नाहीतर दाणेच मऊ होतात. एकदा झालंच तसं. कुणीतरी हवा जास्त तापवली आणि कोठीतले सगळे दाणे एकमेकांना चिकटून एक अजस्र ढेकूळ झालं. ते पहारी घेऊन फोडायला कामगारांना अख्खा आठवडा लागला. ढेकळाच्या मधल्या भागाला जळक्या मेणाचा, करपलेल्या केसांचा वास येत होता. मालक वरच्या मजल्याच्या खिडकीत उभे राहून बघत होते. खाली मात्र आले नाहीत.

मालकांबद्दल सांगायला हवं. त्यांच्या तोंडात कायम निलगिरीची गोळी असायची. गठ्ठ्यांच्या बाजूनं ते कधी यायचे नाहीत, त्यांच्यासाठी मागचं दार होतं. ते सगळ्यांशी गोड बोलायचे. मावशीला म्हणायचे, "तुमचं नाक म्हणजे आमच्या कारखान्याचं दैवत." ते निघून गेले की मावशी मनगट नाकाला लावायची.

ढेकळाचा कहर झाला तरी बाई मागे हटली नाही. हवा थोडी कमी तापवून, वेळ वाढवून तिनं पुन्हा माल काढला. सगळ्यांनी बरण्या उघडल्या. मावशीची पाळी आली. तिनं झाकण काढलं, श्वास घेतला. पुन्हा घेतला. डोळे मिटून बसून राहिली. बाई बिचारी नखं खात होती.

"अहो मावशी, बोला की काहीतरी!"

"बोलू काय?" मावशी म्हणाली. "काही नाहीये. गरम काच आहे. बाकी काही नाही." आणि तिनं आयुष्यात पहिल्यांदा 'एक' हा आकडा सांगितला. त्या दिवशी ती घरी आली, ताटावर बसली आणि पोटभर जेवली. काकांची गादीही आतल्या खोलीत परत आली.

तो माल मोठ्या ऐटीत विकला गेला. लहान मुलांच्या अंघोळीचे टब करणाऱ्या कंपनीनं चौकशी केली. मावशीच्या नाकाचं कौतुक त्या कंपनीच्या मालकीणबाईंच्या कानापर्यंत गेलं. आमच्या मालकांनीच ते पोचवलं होतं.

आणि मग एके दिवशी ती गुलाबी पिशवी आली.

कुणा विक्रेत्यानं मालकांना आणून दिली होती. तिच्यात गुलाबी दाणे होते. त्यातले चिमूटभर पांढऱ्या दाण्यांत मिसळून वितळवले की सगळ्या मालाला स्ट्रॉबेरीचा वास येतो. मालकांच्या डोक्यात प्रकाश पडला. कोठीतली हवा तापवायला किती गॅस जळतो, माल किती तास अडकून पडतो! त्यापेक्षा हे बरं. कोठी बंद झाली. पंप होता, पण पाण्याची धार थांबवली, कारण तिच्यामुळे यंत्र मंद चालायचं. मावशी त्या बाजूनं गेली तर बादली कोरडी. आत फडकं फिरवून ठेवल्यासारखी स्वच्छ.

"ती स्वच्छ बादली बघून मला जेवढी शिसारी आली ना," ती मला म्हणाली, "तेवढी घाण बघूनही आली नव्हती."

दुपारी टेबलावर बरण्या आल्या. रखवालदारानं वास घेतला आणि हसला. "वा! आईस्क्रीम!" त्यानं दोन आकडा दिला. टेलिफोनवरच्या मुलीनं दोन दिला. मास्तर थोडे घुटमळले, मग तीन म्हणाले. मावशीनं झाकण काढलं. आधी आली ती स्ट्रॉबेरी, भडक, साखरेच्या पाकासारखी, जिभेवर चिकटणारी. आणि तिच्या खालून, जिना चढून यावं तसं, वर आलं ते नासकं लोणी. ती ओकारी. आता तिला पाक लावलेला होता.

"सहा," ती म्हणाली. झाकण लावलं आणि बरणी हातानं दूर ढकलली. "सात असता तर सात दिला असता."

मालक खुर्चीत मागे रेलले होते. "मावशी, वास गोड आहे की नाही?"

"आहे."

"मग?"

"साहेब, कुणी ओकल्यावर त्यावर अत्तर शिंपडलं तर तुम्ही त्यात पाय ठेवाल का?"

मालकांनी तोंडातली गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "चौघांची सरासरी काढू," ते म्हणाले. "सरासरी छान येतेय."

मावशीनं बाईकडे बघितलं. बाई खिडकीबाहेर बघत होती.

नंतर जिन्यात मावशीनं तिला गाठलं. "तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"मावशी, त्यात विष नाही." बाईचा आवाज बारीक झाला होता. "मी तपासलंय. कुणाला काही होणार नाही. नुसता वास आहे, आणि तो सुद्धा दबलाय. मी काय सांगू त्यांना?"

"विष नाही म्हणून घाण चालते?"

"बाजारात सगळेच करतात हे."

"त्या टबात कुणाचं तरी बाळ बसणार आहे."

"पाण्याच्या टबानं बाळाला काही होत नाही, मावशी!" बाई एकदम ओरडली, आणि मग तिचा चेहरा पडला. "मला माहीत आहे ते. माझंच काम होतं ना ते. माझीच कोठी होती."

मावशीला तिची कीव आली आणि किळसही. दोन्ही एकदम येतात हे तिला तेव्हा कळलं. ती निघून आली.

त्यानंतर ती रोज जायची, रोज सहा सांगायची आणि रोज सरासरी छान यायची. ती नोकरी का सोडत नव्हती हे मला कळेना. विचारलं तर म्हणायची, "मी उठले तर तिथे सहा म्हणणारं कुणी उरणार नाही." मला ते पटायचं नाही. तिच्या सहाला तसंही कुणी विचारत नव्हतं.

पुढे तिला ताप आला. चांगला सणसणीत, अंग दुखवणारा. ताप उतरला, पण नाक गेलं. बंद झालं नव्हतं. श्वास मोकळा होता, पण कसलाच वास येत नव्हता. मी तिच्या नाकाखाली कांदा फोडला, डोळ्यांत पाणी आलं पण चेहरा कोराच. काकांनी मुद्दाम सिगारेट ओढून तिच्या तोंडासमोर तोंड नेलं, तरी ती काही बोलली नाही. काकांनाच रडू फुटायची वेळ आली.

मावशी मात्र आनंदात होती. खोटं कशाला सांगू, इतकी आनंदात मी तिला कधी पाहिली नव्हती. जे समोर येईल ते खायची. चव लागत नव्हती तरी खायची. काकांच्या शेजारी बसून टीव्ही बघायची. माझ्या मैत्रिणींना मिठी मारायची. "जग बंद झालंय गं," ती म्हणायची. "कुणीतरी एकदाचं झाकण लावलं."

पण तिचा स्वभाव सरळ. बरी झाल्यावर ती कारखान्यात गेली आणि मालकांना सांगितलं, "माझं नाक गेलंय. मला आता वास येत नाही. मी कामाची नाही."

तिला वाटलं होतं की ते हळहळतील, किंवा निदान सुटकेचा श्वास टाकतील आणि जा म्हणतील. मालक हसले. मनापासून हसले.

"हे कुणाला सांगितलंत?"

"घरच्यांना."

"मग बाहेर सांगू नका. मावशी, उलट बरंच झालं की! तुम्हालाही त्रास नाही, आम्हालाही नाही. तुम्ही फक्त टेबलावर बसत जा. लोक तुमचं नाव ऐकून येतात. पुढच्या आठवड्यात टबवाल्या बाई स्वतः येणार आहेत. बरणी उघडायची, वास घ्यायचा, मान हलवायची. झालं!"

मावशी घरी आली आणि तिनं हात धुतले. साबण लावून, कोपरापर्यंत, पुन्हा पुन्हा. मला म्हणाली, "मला वास येत नाही ना, तरी त्या खोलीत येत होता."

मी म्हणाले, "आता नको जाऊस."

"एकदा जाणार," ती म्हणाली.

टबवाल्या बाई आल्या तेव्हा टेबलावर पांढरं कापड अंथरलं होतं. त्या वयस्क होत्या, जाड भिंगांचा चष्मा, साधे बूट, आणि बोलणं तुटक. मालकांनी ओळख करून दिली, "याच त्या. यांच्या नाकाखालून गेल्याशिवाय आमचा एक दाणा बाहेर जात नाही." बाई, म्हणजे आमची केमिस्ट, भिंतीला टेकून उभी होती.

रखवालदारानं वास घेऊन मान डोलावली. मुलीनं डोलावली, मास्तरांनीही. मावशीच्या पुढ्यात बरणी आली. तिनं झाकण काढलं, वाकली, श्वास घेतला. मालकांनी तिच्याकडे बघून आधीच मान हलवायला सुरुवात केली होती.

"काय म्हणता?" टबवाल्या बाईंनी विचारलं.

"मला काही म्हणता येत नाही," मावशी म्हणाली. "मला ताप आला होता. तेव्हापासून कसलाच वास येत नाही. साहेबांना माहीत आहे. तरी त्यांनी मला इथे बसवलंय."

मालकांच्या तोंडातली गोळी दातावर आपटल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"गंमत करतात," मालक म्हणाले.

"नाही," मावशी म्हणाली. "तापाच्या आधी मी या मालाला रोज सहा सांगत होते. तो आकडाही साहेबांना माहीत आहे. यापेक्षा जास्त काही मला विचारू नका. विचारायचं तर त्यांना विचारा." आणि तिनं भिंतीकडे हात केला.

टबवाल्या बाई वळल्या. आमची केमिस्ट लालबुंद झाली होती. मावशी म्हणते की तेवढ्या वेळात तिनं या केमिस्टबद्दल वाईटसाईट सगळं मनात बोलून घेतलं. मग बाई भिंतीपासून सुटली, कपाट उघडलं आणि मागच्या फळीवरून एक बरणी काढली.

"हा आमचा आधीचा माल आहे," ती म्हणाली. "कोठीत गरम हवेनं साफ केलेला. तो आम्ही आता करत नाही. ही बरणी आणि ती बरणी, दोन्ही ओव्हनमध्ये ठेवा आणि तुम्हीच वास घ्या. स्ट्रॉबेरी जरा उडून जाऊ द्या, मग घ्या."

मालक काहीतरी बोलू लागले. टबवाल्या बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं, खुर्ची ओढली आणि बसल्या. बरण्या तापेपर्यंत सगळे तसेच बसून राहिले. कुणाला पाणी प्यायचंही सुचलं नाही. मग त्यांनी एक झाकण काढलं, वास घेतला. दुसरं काढलं. त्यांचा चेहरा आक्रसला, ओठ आत गेले. त्यांनी पर्समधून रुमाल काढून तोंडावर धरला आणि रुमालाआडूनच म्हणाल्या, "माझी नात आहे, सहा महिन्यांची." एवढंच. पर्स उचलली आणि निघून गेल्या.

मालकांनी मावशीला तिथल्या तिथे काढलं. ओरडले नाहीत. तोच गोड आवाज, फक्त शब्द वेगळे होते. ते शब्द मावशीनं मला कधी सांगितले नाहीत. बाईला त्यांनी काढलं नाही, तिच्याशिवाय यंत्रं चालली नसती. पण थोड्याच महिन्यांत ती आपणहून गेली.

आता याचा शेवट गोड झाला असं सांगायला मला आवडलं असतं. पण नाही झाला. एक गिऱ्हाईक गेलं, मालकांना दुसरी मिळाली, नाक न लावणारी. तोच माल आता कचऱ्याच्या डब्यांत जातो, कुंड्यांत जातो, मुलांच्या खेळण्यांतही जातो. परवा दुकानात मी एक गुलाबी बादली आणि फावडं हातात घेतलं. बादलीवर 'सुगंधी' असं लिहिलेलं होतं, अभिमानानं. मी ते नाकाशी नेलं आणि इतक्या झटकन खाली ठेवलं की दुकानदार बघत राहिला. माझं नाक काही मावशीसारखं नाही. पण पाकात घोळलेली घाण काय असते ते मला आता कळतं, आणि एकदा कळलं की विसरता येत नाही. दुकानात पुढे उभी असलेली एक आई तीच बादली आपल्या मुलीच्या नाकाशी नेऊन म्हणत होती, "बघ, कसा छान वास!" मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं की नाही, मला अजून ठरवता येत नाही.

मावशीनं पोहण्याच्या तलावावर तिकिटं फाडायची नोकरी धरली. खिडकीत बसते, आत क्लोरीनचा दर्प कोंडलेला असतो. लोक म्हणतात, इथे बसवतं कसं? तिला बसवतं. तिचं नाक परत आलंय, पण हे फक्त मला आणि काकांना माहीत आहे. सगळं एकदम नाही आलं. आधी जळकं, मग आंबट, मग हळूहळू बाकीचं. क्लोरीन दुसऱ्या कुठल्या वासाला आत येऊ देत नाही, म्हणून तिला तो आवडतो.

मध्यंतरी बाई घरी आली होती. दुसऱ्या कारखान्यात लागलीय, तिथे तिला कोठी मिळालीय, पहिलीपेक्षा उंच. ती मावशीला न्यायला आली होती. "तुमच्यासारखं नाक मला मिळत नाही," ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही हात केला नसतात तर मी गप्पच बसले असते. मला ठाऊक आहे ते."

"तुम्ही बोललात ना, मग झालं," मावशी म्हणाली.

"मग येताय?"

"नाक कुठे आहे, पोरी?" मावशी म्हणाली. "अजून काही कळत नाही मला."

बाई हिरमुसली. चहा घेतला, थोडा वेळ कोठीबद्दल भरभरून बोलली, आणि गेली. ती जिना उतरेपर्यंत मी दम धरला.

"खोटं का बोललीस? तिचं काम चांगलं आहे. तू मदत केली असतीस तर—"

"चांगलंच आहे तिचं काम. तिनं करत राहावं," मावशी कप विसळत म्हणाली. "पण माणसानं जन्मभर दुसऱ्यांच्या बरण्या उघडत बसायचं का? मी एकीकडून सहा म्हणायचं आणि दुसरीकडून कुणीतरी गुलाबी पिशवी घेऊन यायचं. मला आता ते बघायचंही नाही आणि हुंगायचंही नाही."

मग तिनं कप पालथा घातला, चप्पल पायात सरकवली आणि तलावावर निघून गेली.